शिंपल्यांवर बंदी घालायची का? मिनामाता, १९५७: एक प्रकरण अभ्यास

मिनामाताचं नाव निघालं की कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा आणि त्यातून विकलांग झालेली माणसं, एवढी गोष्ट बहुतेकांना माहीत असते. या लेखात मी त्या गोष्टीतला एकच टप्पा जवळून पाहणार आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये डॉक्टरांना कळून चुकलं होतं की हा आजार मिनामाता उपसागरातले मासे आणि शिंपले खाल्ल्याने होतो. त्यातलं विष म्हणजे सेंद्रिय पारा, हे जाहीर व्हायला जुलै १९५९ उजाडला. मधल्या पावणेतीन वर्षांत त्या माशा-शिंपल्यांवर कायद्याने बंदी घालायची का, हा प्रश्न रीतसर विचारला गेला, त्याला रीतसर लेखी उत्तर आलं, आणि लोक खात राहिले.

शिंपल्यांतल्या धातूंचा विषय आला की आपण लगेच प्रयोगशाळेच्या अहवालाकडे धावतो. मिनामातात अहवाल उशिरा आला हे खरं, पण निर्णय अहवालावाचून अडायला नको होता, असं माझं मत आहे आणि ते का, हे पुढे येईलच. रुग्णांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची नावं दिलेली नाहीत. सार्वजनिक नोंदीत असलेले डॉक्टर, संस्था आणि कंपनी यांची नावं दिली आहेत.

पार्श्वभूमी

मिनामाता हे जपानच्या क्युशू बेटावरचं, कुमामोतो प्रांतातलं गाव. समोर शिरानुई समुद्र. हा समुद्र बेटांनी वेढलेला, जवळपास बंदिस्त आणि शांत आहे. गावात १९०८ पासून चिस्सो या रसायन कंपनीचा कारखाना होता. गावाचा रोजगार, कर, दवाखाना, सगळं त्या कारखान्याभोवती फिरत असे. कारखान्याचा माजी व्यवस्थापक, ज्याचा असिटाल्डिहाइड हे रसायन बनवण्याची प्रक्रिया उभारण्यात मोठा वाटा होता, तोच पुढे गावाचा महापौर झाला. ही माहिती मुद्दाम आधी देतो आहे, कारण पुढचे बरेचसे निर्णय कुठल्या वातावरणात झाले ते त्यावरून कळतं.

१९३२ पासून इथे असिटिलिन वायूपासून असिटाल्डिहाइड बनवायला सुरुवात झाली. उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचं सल्फेट वापरलं जाई. या प्रक्रियेत थोडा पारा आपोआप मिथाइल पाऱ्यात, म्हणजे सेंद्रिय पाऱ्याच्या एका रूपात, बदलतो. ऑगस्ट १९५१ मध्ये कंपनीने उत्प्रेरकासोबत वापरायचं मँगनीज डायऑक्साइड बदललं आणि त्यानंतर मिथाइल पारा जास्त तयार होऊ लागला. युद्धानंतर प्लास्टिक उद्योगाची भूक वाढली होती, त्यामुळे उत्पादनही वर्षागणिक वाढत होतं. सांडपाणी ह्याक्केन बंदरातून थेट उपसागरात जात होतं.

आता शिंपल्यांकडे वळू, कारण इथे एक गैरसमज सहज होतो. एरवीच्या समुद्रात बहुतेक पारा अजैविक रूपात असतो. गाळातले जिवाणू त्यातला थोडा मिथाइल पाऱ्यात बदलतात, तो लहान जीवांतून मोठ्यांत चढत जातो, आणि सर्वांत जास्त पारा शार्क किंवा मोठ्या ट्यूनासारख्या शिकारी माशांत सापडतो. अन्नसाखळीच्या तळाशी असलेल्या शिंपल्यांत तो तुलनेने कमी असतो. म्हणून ‘शिंपल्यात पाऱ्याची भीती कमी’ असं सांगितलं जातं आणि सर्वसाधारणपणे ते बरोबरच आहे. मिनामातात मात्र मिथाइल पारा कारखान्यातूनच तयार होऊन पाण्यात येत होता. दिवसभर पाणी गाळून त्यातले कण खाणाऱ्या तिसऱ्या, कालवं, शिणाणे अशा जातींना तो आयता मिळत होता. शिंपला जागचा हलत नाही, त्यामुळे सांडपाण्याच्या तोंडाशी बसलेल्या शिंपल्याला सुटका नव्हती.

मिथाइल पारा मांसातल्या प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटतो. उकडून, तळून, आंबट घालून तो निघत नाही. उलट शिजवताना गरातलं पाणी निघून गेल्यामुळे वजनाच्या मानाने त्याचं प्रमाण वाढतं. तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की रेती सुटते, पण धातू सुटत नाही.

उपसागराकाठच्या कोळीवाड्यांत भात थोडा आणि मासळी भरपूर असा आहार होता. ओहोटीला बायका आणि मुलं खडकांवरून, चिखलातून शिंपले गोळा करायची. ते विकायचे नसत, घरीच खाल्ले जायचे. हा तपशील लक्षात ठेवावा लागेल.

समस्या

माणसांच्या आधी मांजरांनी इशारा दिला होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मासे पाण्यावर तरंगू लागले, कावळे उडता उडता पडू लागले, मांजरं गरगर फिरत, झटके येऊन मरू लागली. ऑगस्ट १९५४ मध्ये स्थानिक वर्तमानपत्राने बातमी दिली होती की मोदो या वाडीतली मांजरं मरून गेली आणि उंदीर माजले. या बातमीचा माणसांच्या ताटाशी संबंध कुणी जोडला नाही.

२१ एप्रिल १९५६ रोजी पाच वर्षांच्या एका मुलीला कारखान्याच्या दवाखान्यात आणलं. तिला चालता येईना, बोलणं अडखळू लागलं, झटके येत होते. दोनच दिवसांत तिची धाकटी बहीण तशाच लक्षणांनी आजारी पडली. त्यांचं घर अगदी पाण्याच्या काठावर होतं. आईने शेजारची आणखीही मुलं अशीच आजारी असल्याचं सांगितलं. दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी घरोघर चौकशी करून १ मे रोजी स्थानिक आरोग्य केंद्राला कळवलं की मज्जासंस्थेच्या अज्ञात आजाराची साथ आली आहे.

साथ म्हटल्यावर पहिली शंका संसर्गाची. घरं निर्जंतुक केली गेली, रुग्णांना वेगळं ठेवलं गेलं. शेजाऱ्यांनी त्या घरांशी व्यवहार तोडला. ही बहिष्काराची जखम पुढे संसर्ग नाही हे सिद्ध झाल्यावरही भरली नाही. काही घरांत आजाऱ्याला ताकद यावी म्हणून अधिक मासळी खाऊ घातली जात होती. पौष्टिक म्हणून दिलेला प्रत्येक घास आजार वाढवत होता.

ऑगस्ट १९५६ मध्ये कुमामोतो विद्यापीठाचा संशोधक गट कामाला लागला. ऑक्टोबरपर्यंत ४० रुग्ण सापडले होते आणि त्यातले १४ दगावले होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गटाने प्राथमिक निष्कर्ष मांडला: हा संसर्ग नाही, ही कुठल्यातरी जड धातूची विषबाधा आहे आणि ती मुख्यतः मासे व शिंपल्यांतून शरीरात जाते.

धातू कोणता, यावर मात्र घोडं अडलं. मँगनीज, सेलेनियम, थॅलियम अशा एकेका नावावर काम झालं आणि ती मागे पडली. कारखाना सांडपाण्यात नेमकं काय सोडतो, हे सांगायला तयार नव्हता. त्यामुळे संशोधकांना अंधारात एकेक मूलद्रव्य चाचपावं लागलं. दरम्यान १९५७ च्या वसंतात मिनामाता आरोग्य केंद्राचे प्रमुख डॉ. इतो हासुओ यांनी एक साधा प्रयोग केला. उपसागरातले मासे आणि शिंपले निरोगी मांजरांना खाऊ घातले. काही आठवड्यांतच मांजरांना तीच लक्षणं दिसली.

म्हणजे १९५७ च्या उन्हाळ्यात हातात काय होतं ते पाहा. आजार कोणत्या अन्नातून येतो ते माहीत होतं. ते अन्न कुठून येतं ते माहीत होतं. ते प्राण्याला दिलं तर तो आजारी पडतो हेही डोळ्यांसमोर घडलं होतं. माहीत नव्हतं ते फक्त विषाचं नाव.

समोर असलेले पर्याय

कुमामोतोच्या प्रांतिक प्रशासनापुढे तेव्हा ढोबळमानाने चार वाटा होत्या.

पहिली वाट विषाचं नाव कळेपर्यंत थांबण्याची. अशा वेळी ती नेहमीच सभ्य आणि शास्त्रीय वाटते.

दुसरी ‘मार्गदर्शना’ची. लोकांना सांगायचं की उपसागरातली मासळी खाऊ नका आणि कोळ्यांना विनंती करायची की तिथे जाळं टाकू नका. कायद्याचा बडगा नाही, भरपाईचा प्रश्न नाही. प्रशासनाला ही सर्वांत सोयीची होती.

तिसरी वाट १९४७ च्या अन्न स्वच्छता कायद्याची. त्याच्या चौथ्या कलमाने विषारी पदार्थ असलेल्या अन्नाची विक्री आणि विक्रीसाठी ते गोळा करणं थांबवता येत होतं. आणि यासाठी शिंपल्यांचंच एक ताजं उदाहरण जपानमध्येच होतं. शिझुओका प्रांतातल्या हामाना सरोवरातले शिंपले खाऊन १९४२ मध्ये ३३४ जण आजारी पडले होते आणि ११४ जण मेले होते. १९४९ मध्ये तिथे पुन्हा विषबाधा दिसली तेव्हा शिझुओकाने हाच कायदा लावून शिंपले काढण्या-विकण्यावर बंदी घातली. तेव्हा त्या शिंपल्यांतल्या विषाचं नेमकं रूप कुणालाही ठाऊक नव्हतं. कुठल्या पाण्यातले शिंपले खाल्ले की माणसं मरतात, एवढं ठाऊक होतं, आणि तेवढं पुरलं. कुमामोतोच्या अधिकाऱ्यांना हे उदाहरण माहीत होतं. त्यांनी शिझुओकाकडे चौकशीही केली होती.

चौथी वाट कारखान्याच्या सांडपाण्यालाच हात घालण्याची. उपसागरात पाणी सोडणारा एवढा मोठा उद्योग एकच होता आणि संशयाचं बोट त्याच्याकडेच होतं. पण ही वाट राजकीयदृष्ट्या सर्वांत अवघड होती आणि १९५७ मध्ये तिचा गंभीर विचार झाल्याचं दिसत नाही.

तिसऱ्या वाटेची एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. कायदा विक्रीला लागू होता. स्वतः गोळा करून घरी खाणाऱ्याला तो अडवू शकत नव्हता, आणि सर्वाधिक धोका याच घरांना होता. मग त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग दोन प्रकारचा होता. एक, सरकारने ‘हे अन्न विषारी आहे’ असं जाहीर केलं की विनंतीपेक्षा त्याचं वजन कितीतरी अधिक असतं. विकायला बंदी असलेलं शिंपलं आई मुलाला देताना थबकते. दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो: अन्नातून विषबाधा झाली असं अधिकृतपणे मानलं की ते अन्न कुणी कुणी खाल्लं याचा शोध घेणं ओघाने येतं. मग आजाऱ्यांची वाट न पाहता खाणाऱ्यांची यादी करावी लागते.

कोणती कृती झाली

प्रांताने तिसरी वाट पूर्णपणे टाळली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. १६ ऑगस्ट १९५७ रोजी त्यांनी आरोग्य मंत्रालयाला विचारलं की उपसागरातल्या मासे-शिंपल्यांना चौथं कलम लावता येईल का. ११ सप्टेंबरला उत्तर आलं. त्यात दोन भाग होते. उपसागराच्या ठरावीक भागातले मासे-शिंपले खाल्ल्याने हा आजार होण्याचा धोका आहे, म्हणून ते खाऊ नयेत असं लोकांना सांगावं, हा पहिला. दुसरा असा की त्या भागातले सगळेच मासे-शिंपले विषारी झाले आहेत याला स्पष्ट आधार नाही, म्हणून तिथल्या सर्व मासे-शिंपल्यांना हे कलम लावता येणार नाही.

या प्रकरणातला हा कळीचा क्षण. पहिल्या भागात धोका मान्य आहे आणि दुसऱ्यात त्या धोक्यावर कायदा वापरायला नकार आहे. नकाराचं कारण तर असं की ते पूर्ण करणं कुणालाच शक्य नव्हतं. उपसागरातला शेवटचा मासा, शेवटचं कालव तपासल्याशिवाय ‘सगळे विषारी’ हे कसं सिद्ध होणार? आणि अन्नाच्या बाबतीत तशी गरज तरी कुठे असते? एखाद्या हॉटेलच्या जेवणातून दहा जणांना विषबाधा झाली तर आपण ते बंद करतो. उरलेल्या प्रत्येक ताटात विष होतं का, याची वाट पाहत नाही. हामानाच्या शिंपल्यांनाही ही कसोटी लावली गेली नव्हती. मंत्रालयाने प्रश्नच उलटा करून ठेवला, आणि प्रांतानेही तो पुन्हा विचारला नाही. ‘सगळ्या’ मासळीवर जमत नसेल तर निदान शिंपल्यांवर, निदान ह्याक्केन बंदराभोवतालच्या पट्ट्यात बंदी घालू द्या, असा मर्यादित प्रस्ताव देता आला असता. मांजरांचा प्रयोग हाताशी होताच.

मग उरली ती दुसरी वाट. लोकांना सांगितलं गेलं, कोळ्यांनी आपणहून उपसागरातली मासेमारी आवरती घेतली. १९५३ ते १९५७ या काळात मिनामाताच्या कोळ्यांची पकड ९१ टक्क्यांनी घटली होती, यावरून त्यांच्यावर काय ओढवलं याची कल्पना येते. ज्याच्या घरी दुसरं खायला काही नाही, त्याला ‘खाऊ नका’ एवढंच सांगणं हा सल्ला अपुरा होता. लोक अधूनमधून उपसागरात जात राहिले आणि ओहोटीला शिंपले गोळा होत राहिले.

कारखान्याच्या बाजूने जे झालं त्याने संकट पसरलं. सप्टेंबर १९५८ मध्ये कंपनीने सांडपाण्याचं तोंड ह्याक्केन बंदराऐवजी मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवलं. उपसागर तेवढा वाचला असेल, पण विष आता थेट उपसागराबाहेरच्या शिरानुई समुद्रात जाऊ लागलं. काही महिन्यांत नदीमुखाजवळच्या वस्त्यांत आणि पलीकडच्या किनाऱ्यांवर नवे रुग्ण दिसू लागले. शास्त्रीय दृष्टीने याहून स्वच्छ पुरावा मिळणं कठीण: सांडपाणी जिथे गेलं तिथे आजार गेला. पण तो पुरावा माणसांच्या शरीरात तयार झाला. ऑक्टोबर १९५९ मध्ये उद्योग मंत्रालयाने ते तोंड बंद करायला सांगितलं.

विषाचं नाव हळूहळू पुढे येत होतं. १९५८ मध्ये मिनामाताला भेट दिलेले ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ डग्लस मॅकअल्पाइन यांनी लक्षणं सेंद्रिय पाऱ्याच्या विषबाधेशी जुळतात असं लिहिलं. इंग्लंडमध्ये बियाण्याला लावायची पाऱ्याची औषधं बनवणाऱ्या कामगारांत अशीच लक्षणं आढळल्याचं १९४० मध्ये प्रसिद्ध झालं होतं: दृष्टीचा परीघ आक्रसणं, तोल जाणं, हात-पाय बधिर होणं, बोलणं अडखळणं. कुमामोतोचे विकृतिशास्त्रज्ञ ताकेउची तादाओ यांना मृतांच्या मेंदूत त्याच जागी तसंच नुकसान दिसलं. २२ जुलै १९५९ रोजी विद्यापीठाच्या गटाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. ह्याक्केन बंदराच्या गाळात २,०१० पीपीएम (दर दहा लाख भागांत २,०१० भाग) पारा आढळला. ज्याला आपण सूक्ष्म मात्रेतला धातू म्हणतो, तो तिथे खाणीतून काढावा इतका साचला होता.

त्याच वेळी डॉ. होसोकावा कारखान्याच्या दवाखान्यात असिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी थेट एका मांजराला अन्नातून देत होते. नोंदवहीत त्याचा क्रमांक होता ४००. ऑक्टोबर १९५९ मध्ये ते आजारी पडलं. व्यवस्थापनाला हे कळलं आणि निष्कर्ष बाहेर आला नाही. डॉक्टरांनी तो १९७० मध्ये, स्वतः मृत्युशय्येवर असताना, न्यायालयापुढे सांगितला.

१२ नोव्हेंबर १९५९ रोजी सरकारच्याच अन्न स्वच्छता परिषदेने आरोग्यमंत्र्यांना कळवलं की आजाराचं मुख्य कारण उपसागर आणि परिसरातल्या मासे-शिंपल्यांतलं कुठलंतरी सेंद्रिय पाऱ्याचं संयुग आहे. ते कुठून आलं याचा शोध घेण्याआधीच, दुसऱ्या दिवशी, काम करणारी उपसमिती बरखास्त झाली. डिसेंबरमध्ये कारखान्याने गाजावाजा करून सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं. ते पाण्यात विरघळलेला सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ३० डिसेंबरला रुग्णांशी करार झाला. त्यात एक कलम असं होतं की पुढे कारखान्याचं सांडपाणीच कारणीभूत ठरलं तरी रुग्ण आणखी भरपाई मागणार नाहीत. १९७३ मध्ये न्यायालयाने हा करार नीतीविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवला.

बाहेर मात्र प्रकरण मिटलं असा समज पसरला. असिटाल्डिहाइडचं उत्पादन १९६८ पर्यंत चालू राहिलं.

परिणाम

शिंपल्यांनीच शेवटी साखळीचा शेवटचा दुवा दिला. मिनामाता उपसागरातल्या शिणाण्यांच्या जातीच्या शिंपल्यांतून कुमामोतोच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याचं संयुग वेगळं केलं, आणि १९६३ च्या सुरुवातीला इरुकायामा कात्सुरो यांच्या गटाने कारखान्याच्या गाळातही मिथाइल पारा असल्याचं जाहीर केलं. ताट आणि नळी जोडली गेली. सरकारने कंपनीला अधिकृतपणे जबाबदार धरलं ते आणखी पाच वर्षांनी, २६ सप्टेंबर १९६८ रोजी. तोवर १९६५ मध्ये नीगाता प्रांतात आगानो नदीकाठी, दुसऱ्या कंपनीच्या तशाच कारखान्यामुळे, हाच आजार पुन्हा उद्भवला होता.

सर्वांत मोठा धक्का गर्भातल्या मुलांनी दिला. त्या भागात मेंदूच्या पक्षाघातासारखी लक्षणं घेऊन जन्मलेली मुलं वाढली होती. आयांना लक्षणं सौम्य होती किंवा नव्हतीच. वार (गर्भाशयात बाळाला पोषण पोहोचवणारा अवयव) विषाला अडवते असा तोवरचा समज होता. १९६२ मध्ये अशा १६ मुलांना जन्मजात मिनामाता आजार असल्याचं मान्य झालं. मिथाइल पारा वार ओलांडतो आणि बाळाच्या वाढत्या मेंदूत पोहोचतो. आज गरोदर बायकांना मासळी निवडून खायचा सल्ला दिला जातो त्याच्या मुळाशी ही मुलं आहेत.

पुढे मान्यताप्राप्त रुग्णांची संख्या मिनामाता परिसरात सव्वादोन हजारांच्या वर गेली. मान्यतेच्या कडक निकषांबाहेर राहिलेले आणि वेगवेगळ्या तडजोडींतून मदत मिळालेले याच्या कितीतरी पट आहेत. उपसागराच्या तोंडाशी १९७४ मध्ये जाळं लावून मासे अडवले गेले. १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून ५८ हेक्टर भराव टाकला गेला. मासे-शिंपले सुरक्षित असल्याची घोषणा व्हायला जुलै १९९७ यावं लागलं, आणि त्यानंतर जाळं निघालं. २००४ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या अखेरीनंतर सांडपाणी न रोखल्याबद्दल केंद्र सरकार आणि कुमामोतो प्रांत दोघांनाही जबाबदार धरलं.

वेगळं काय करता आलं असतं

मागे वळून शहाणपण सांगणं सोपं असतं, म्हणून मी फक्त तेव्हा हाताशी असलेल्या माहितीवर आणि साधनांवर बोलतो.

पहिली गोष्ट शिंपल्यांवर तात्पुरती बंदी. आधार होता हामानाचा दाखला, मांजरांचा प्रयोग आणि विद्यापीठाचा निष्कर्ष. मासा पोहून दूर जातो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हद्द ठरवणं अवघड. शिंपला जिथे बसतो तिथेच राहतो. नकाशावर रेघ मारायला याहून सोपं अन्न नाही. सुरुवात तिथून करता आली असती.

दुसरी, बंदीसोबत पोटाची सोय. कोळ्यांना कंपनीकडून भरपाई मिळायला १९५९ चा संघर्ष करावा लागला, आणि तीही तुटपुंजी. पर्यायी अन्न आणि रोख मदत पहिल्या दिवसापासून दिली असती तर ‘खाऊ नका’ या सल्ल्याला अर्थ आला असता. भरपाई कोण देणार हा वाद नंतर लढता येतो. अन्नाची गरज रोजची असते.

तिसरी, आजाऱ्यांऐवजी खाणाऱ्यांची मोजणी. इथे नीगाताची तुलना बोलकी आहे. तिथे आजार कळताच प्रांताने नदीकाठच्या लोकांच्या केसांतला पारा तपासला, ज्या तरुण स्त्रियांत तो ५० पीपीएमच्या वर होता त्यांच्याकडे वेगळं लक्ष दिलं. जन्मजात आजाराचा तिथे एकच रुग्ण नोंदला गेला. त्या स्त्रियांना गर्भधारणा टाळायला सांगितलं गेलं, ही बाब त्रासदायक आहे आणि तिच्यावर टीकाही झाली, ती रास्त आहे. पण मिनामातात जे नऊ वर्षं झालं नाही ते तिथे काही महिन्यांत झालं.

केसांची नुसती तपासणी मिनामातातही झाली होती. १९६० पासून शिरानुईच्या किनाऱ्यांवर नमुने घेतले गेले. बाधा न झालेल्या भागात सरासरी ४ पीपीएमच्या आसपास असताना रुग्णांत ७०५ पीपीएमपर्यंत आकडे मिळाले. समोरच्या गोशोनौरा बेटावरच्या एका स्त्रीच्या केसांत ९२० पीपीएम पारा होता. ही पाहणी तीन वर्षांत आटोपली आणि त्या स्त्रीला तिचा आकडा कळवलाच गेला नाही. माझ्या लेखी अख्ख्या प्रकरणातली सर्वांत सहज टाळता आली असती अशी चूक ही. त्यासाठी ना नवं शास्त्र लागत होतं, ना कायदा, ना पैसा. एक पत्र पुरलं असतं.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून आजच्या मापाने एक हिशोब करून पाहू. अन्नातल्या दूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथाइल पाऱ्याची सहन होण्याजोगी साप्ताहिक मर्यादा शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली. ६० किलो वजनाच्या बाईला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. मासळीत ०.५ पीपीएम मिथाइल पारा असेल तर ही मर्यादा सुमारे १९० ग्रॅममध्ये गाठली जाते. मिनामाता उपसागरातल्या मासळीत त्या काळी १० पीपीएमच्या पुढचे आकडे आढळले होते. सगळा पारा मिथाइल धरला तर तिथे दहा ग्रॅमही जास्त झाले असते, म्हणजे दोन-चार तिसऱ्यांचा गर. आणि लोक रोज खात होते. शरीरातला मिथाइल पारा निम्मा व्हायला साधारण ७० दिवस लागतात, त्यामुळे आधीचा उतरण्यापूर्वी पुढचा चढत होता.

हा हिशोब आपल्या खाड्यांना जसाच्या तसा लावू नये. मिनामातासारखा थेट मिथाइल पारा सोडणारा कारखाना ही दुर्मीळ परिस्थिती होती. आपल्याकडच्या शिंपल्यांत पाहायला हवेत ते बहुधा कॅडमियम आणि शिसं. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साचतं आणि कालवं ते जास्त धरून ठेवतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक संस्थेची कॅडमियमची दर किलोला २ मिलिग्रॅमची मर्यादा समुद्री शिंपल्यांना लागू आहे, पण कालवं आणि स्कॅलॉप (पंख्याच्या आकाराचे शिंपले) तीतून वगळलेली आहेत. आर्सेनिकचा अहवाल वाचताना तर दुप्पट काळजी हवी. समुद्री जिवांतलं बहुतेक आर्सेनिक निरुपद्रवी सेंद्रिय रूपात असतं, म्हणून ‘एकूण आर्सेनिक’ एवढाच आकडा पाहून घाबरणं किंवा निर्धास्त होणं दोन्ही चूक. अजैविक आर्सेनिक वेगळं मोजून मागावं.

मिनामाताची जी गोष्ट मात्र आपल्याला थेट लागू पडते ती घरी खाणाऱ्यांची. आपली अन्न तपासणी बाजारातून नमुने उचलते. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, कालवं, खुबे काढणाऱ्या बाईच्या टोपलीतला बराचसा माल बाजारापर्यंत जातच नाही, तो त्याच संध्याकाळी तिच्या चुलीवर चढतो. तिचं घर सर्वांत जास्त खातं आणि नमुन्यांत सर्वांत कमी दिसतं. कारखान्याजवळच्या कुठल्याही खाडीत पाहणी आखायची झाली तर नमुने टोपलीतून घ्यावेत, घरात आठवड्याला किती खाल्लं जातं ते विचारावं, गरोदर बायका आणि लहान मुलांची वेगळी नोंद ठेवावी, आणि जो आकडा निघेल तो अर्थासकट आधी त्या घरी कळवावा, मग अहवालात छापावा.